फरशीखालची वाळू

लग्न होऊन रेवदंड्याच्या वाडीत आले तेव्हापासून अंगण माझ्याच मनगटांवर होतं. पाऊस सरला की नवी माती घालून चोपायची आणि पुढे सुपारी वाळेपर्यंत शेणाने सारवत राहायचं. मनगटं सुजून ताट उचलवेना. म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणात फरशी घालायचं काढलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. सारवणातून माझी सुटका होणार होती.

घरात वाद पेटला तो सांध्यांवरून. सासूबाई म्हणत, सांध्यांत नुसती माती भरा, पाणी मुरेल. मामंजींना चुनाच हवा होता, मातीत गवत माजतं म्हणून. गवंडी दोघांपुढेही मान डोलवायचा. अखेर गूळ घालून मळलेला चुना ठरला. फरशीखाली काय पसरायचं, यावर मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. समुद्र दारात असताना वाळूची चौकशी कोण करतो? गड्यांनी किनाऱ्यावरून पाट्या भरभरून आणली आणि पसरली.

त्या हिवाळ्यात मी दुपारची जरा आडवी होऊ लागले. सुख फार टिकलं नाही. खारी वाळू दमट हवेतली ओल धरून बसली आणि चुन्याने ती आत कोंडली. ऊन चढलं तरी फरशी ओलसरच, सांध्यांवर मिठाची पांढरी पुटं. वाळत घातलेली सुपारी उलथली तर खालच्या थराला बुरशी.

गवंडी म्हणाला, सगळी फरशी काढून खाली ओढ्याची वाळू घालावी लागेल. मामंजींना ते मानवेना. नवी फरशी उकरली तर आळीत हसं होईल, असं त्यांचं म्हणणं. तोडगा सासूबाईंनी काढला.

"आपली सुपारी शेणावरच वाळायची गं. फरशीवरून सारव म्हणजे झालं."

मला रडूच आलं. माती शेण धरते, दगड धरत नाही. वाळलं की पोपडे निघत. पूर्वी आठवड्याने सारवत असे, आता दिवसाआड बसावं लागे. सुपारी वाचली आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

शिमग्याला हे मुंबईहून आगबोटीने आले. अंगणात उभे राहून इकडेतिकडे बघत म्हणाले, "फरशी घातली ना? कुठाय?"

"आहे खाली," मी म्हटलं, आणि पुढचा हात फिरवला.