पाय टेकायचा नाही

चाळिशी उलटल्यावर मी दगडांतून मोटरसायकल चालवायला शिकले. यात वेगाला किंमत नाही. खडकांवरून, ओढ्यातून गाडी हळूहळू काढायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही, एवढाच खेळ. मला नेमकं तेवढंच जमत नव्हतं. वीस वर्षं गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीत स्कूटर चालवलेली. तिथं दोन्ही पाय खाली लोंबते ठेवूनच पुढं सरकावं लागतं. ती खोड काही जाईना.

शिकवणारे उस्ताद जुन्या शहरातले गॅरेजवाले. पहिले दोन महिने त्यांनी मोकळ्या मैदानात उभ्यानंच गाडी चालवायला लावली. गुडघे सैल, एक बोट क्लचवर, नजर पुढं. वळताना मी गाडीबरोबर कलंडायचे आणि पाय खाली. "मॅडम, गाडी को झुकने देव, तुम नक्को झुको," हे त्यांनी शंभरदा शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाचाच मला राग यायचा.

शेवटी एका रविवारी त्यांनी दौलताबादजवळच्या कोरड्या ओढ्यात बोलावलं. पाय न टेकता ओढा पार केला तर पुढच्या गटात, नाहीतर परत मैदान. परत मैदानात जावं लागलं तर मी हे सोडून देणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आई हट्टानं सोबत आली. तिचा जन्म मेंढरांमागं गेलेला. या वयात मी हाडं मोडून घेणार अशी तिला खात्रीच होती. काठी घेऊन ती काठावर बसली.

तिसऱ्या दगडावर पुढचं चाक घसरलं. गाडी डावीकडं कलली आणि सवयीनं डावा पाय सुटायला लागला. मी सगळा भार उजव्या पायावर टाकला, गाडीला कलू दिलं, क्लच जरासा सोडला. गाडी रांगत वर आली. उरलेले दगडही तसेच काढले आणि मी पलीकडं होते.

उस्तादांनी बंद मूठ उंचावली. आई ताडकन उठली आणि काठी घेऊन त्यांच्याकडं निघाली. "माझ्या लेकीला मूठ दाखवतो व्हय?"

मी हसत रडत तिला सांगितलं, पाय जितक्या वेळा टेकेल तितकी बोटं दाखवतात. मूठ म्हणजे एकदाही नाही.

तिला ते पटलं नाही. ती ओढ्यात उतरली. हरवलेल्या मेंढराचा माग काढावा तशी दगडांमधली वाळू वाकून बघत टोकापर्यंत गेली. चाकांची रेघ तेवढी होती.

"नाय टेकला," ती उस्तादांना म्हणाली. "घ्या हिला पुढच्या गटात."