फोकस हुकणारा कॅमेरा आणि बहिणीचं लग्न

भोकरदनला मी लग्नांचे फोटो काढते. माझा कॅमेरा जुना झाला होता. मंगल कार्यालयातल्या कमी उजेडात फोटो खरखरीत यायचे. त्याच कंपनीचं नवं मॉडेल आलं आणि मी ते घ्यायचंच ठरवलं. मग इंटरनेटवरच्या तक्रारी वाचल्या. कुणी म्हणे, माणूस हलला की ह्याचा फोकस चेहरा सोडून मागच्या भिंतीवर जातो. कुणी म्हणे, खोट कॅमेऱ्यात नाहीच, वापरणाऱ्याला सेटिंग जमत नाही. हे दुसरं मला जास्त लागायचं. न घ्यावा तर आपल्यालाच जमणार नाही असं कबूल केल्यासारखं वाटायचं.

"घे न्हाई तर सोडून दे," नवरा वैतागून म्हणाला. "जेवताना बी तेच वाचून राह्यलीस."

जुन्या जालन्यात ओळखीच्या एका फोटोग्राफरदादांनी तो कॅमेरा घेतला होता. मी त्यांच्या स्टुडिओत जाऊन विचारलं.

"मला तर बराबर चालून राह्यला," ते म्हणाले. "पण ताई, माझ्याकडं माणूस स्टुलावर बसून असतो. तुमच्याकडं नाचतो. घेऊन जा, लग्नात वापरून बघा, मंग ठरवा."

पुढचंच लग्न माझ्या मावसबहिणीचं होतं, राजूरला. दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून मी गेले.

सकाळी हळदीला नव्या कॅमेऱ्यानं कमाल केली. बहिणीच्या पापणीवरची हळदसुद्धा स्वच्छ दिसत होती. लोक उगाच ओरडतात, हाच घ्यायचा, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

दुपारी तिला मुंडावळ्या बांधून मांडवात आणलं आणि गडबड सुरू झाली. ती चालली की मोत्यांच्या सरी डोळ्यांसमोर हलायच्या, आणि फोकस त्या मण्यांवर जाऊन बसायचा. मागं चेहरा नुसता पुसट. मी सेटिंग बदललं, परत बदललं. तोवर अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली, ज्वारीच्या अक्षता उडायला लागल्या आणि कॅमेरा पार बावचळला. एकदा अक्षतांवर, एकदा मागच्या पाहुण्यांवर. बहीण कुठंच नाही. हा क्षण काही परत करायला सांगता येत नाही.

शेवटचं मंगलाष्टक चालू असताना मी नवा कॅमेरा सोडून दिला. तो छातीवर आपटला. जुना उचलला आणि बहिणीच्या चेहऱ्यावर फोकस धरून थांबले.

अंतरपाट खाली आला, तेव्हा नवरदेवानं डोळे गच्च मिटलेले होते. कुणीतरी नेम धरून अक्षता त्याच्या तोंडावर मारल्या होत्या. बहिणीला वाटलं होतं, तो आपल्याकडं बघत असेल. त्याचा तो चेहरा बघून ती लाजायचं विसरली आणि दात दाखवून हसली. मी बटण दाबत राहिले.

घरी आल्यावर आम्ही कॉम्प्युटरवर फोटो लावले. नव्या कॅमेऱ्यातला एक फोटो बघून नवरा म्हणाला, "हा नवरीचा काढला का मावशीचा?" मागं उभ्या मावशीच्या नाकातली नथसुद्धा लखलखीत होती. पुढं नवरी म्हणजे लाल धूर. मग जुन्यातला तो हसण्याचा फोटो आला. थोडा खरखरीत होता, पण ती त्यात होती, पूर्ण. नवऱ्यानं तो फोटो मोठा करून बघितला आणि हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला जाऊन कॅमेरा परत केला.

"मंग? घेताय का?"

"न्हाई दादा. तुमच्या स्टुलावरच बरा आहे तो."

ते हसले. मलाही इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्याकडं दोनदा चहा घेतला. भोकरदनच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कितीतरी दिवसांनी प्रवासात मोबाइल उघडला नाही, कुणाचं मत वाचलं नाही. झोप लागली ती अशी, की स्टँडवर कंडक्टरनं हाक मारून उठवलं.