कुत्र्यासाठी केलेलं टेबल

माझं लग्न होऊन मी कोल्हारला आले, तेव्हा सासऱ्यांशी बोलायची वेळ क्वचितच यायची. मी त्यांना मामा म्हणायची. नगरच्या कॅम्पात एका लष्करी साहेबांच्या बंगल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं माळीकाम केलं होतं. कंबर धरली म्हणून ते काम सोडून घरी आले. एकाहत्तरच्या लढाईआधी साहेबांची सरहद्दीवर बदली झाली. बाईसाहेब माहेरी निघाल्या आणि त्यांचा लांब केसांचा कुत्रा मामांकडे आला.

पावसाळा सरला आणि कुत्र्याचे हाल सुरू झाले. अंगभर कुसळं, कानामागे गोचीड, पोटाखाली केसांच्या गाठी. मामांना वाकता येत नव्हतं. मी ओट्यावर बसून विंचरायला गेले, की तो निसटून पळायचा. एके सकाळी मामांनी गोठ्याचं जुनं दार उतरवलं आणि मला भिंतीशी उभं राहून कोपराच्या उंचीवर कोळशानं रेघ मारायला सांगितली.

"मामा, टेबल तुम्हाला बुटकं होईल," मी म्हणाले.

"मला नुसतं धरायचंय. हात तुजा चालनार हाय."

दाराला त्यांनी बाभळीचे पाय ठोकले. कुत्र्याला वर ठेवलं तर सगळंच डगमगलं आणि त्यानं खाली उडी टाकली. मग पायांना आडव्या पट्ट्या आल्या. फळीवरून नखं घसरत होती, म्हणून वर गोणपाट ताणून बसवलं. एका कडेला खुंट उभा करून त्याला बैलाच्या गळ्यातला जुना चामडी पट्टा लावला. त्यात मान अडकवली, की कुत्रा गुमान उभा राहायचा. सासूबाई म्हणाल्या, पोराच्या लग्नात नवा पाट केला नाही आणि कुत्र्याला चौरंग केला. मामा नुसते हसले.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी दुपारी आम्ही त्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहायचो. मी कडुनिंबाच्या पाण्यानं अंग पुसून गाठी सोडवायची, मामा त्याचं तोंड धरायचे. कुत्रा मधे असला, की त्यांना बोलता यायचं. बंगल्यातले गुलाब, कलमं, साहेबांचे राग, असं काहीबाही ते सांगत. एकदा म्हणाले, माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी होती, ती तापानं गेली. सासूबाई पहाटेच रानात जायच्या, म्हणून तिची वेणी तेच घालत. घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. मी पुढची गाठ सोडवायला घेतली.

लढाई संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी बाईसाहेब जीपमधून आल्या. शिर्डीला निघाल्या होत्या. कुत्र्याला नुसतं बघून जायचं म्हणून बिस्किटं आणली होती. खेड्यात राहून त्याची रया गेली असेल, तेव्हा कायमचा इथंच ठेवू, असं नवराबायकोचं ठरलं होतं. त्यांनीच तसं सांगितलं. पण कुत्रा समोर आला तेव्हा त्याचे केस उन्हात रेशमासारखे चमकत होते. बाईसाहेब खाली बसल्या, त्याला कवटाळून रडल्या.

"आता याला सोडून कशी जाऊ?" त्या म्हणाल्या.

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. मामा नाही म्हणतील असं मला वाटत होतं.

"तुमचाच हाय, बाईसाहेब. न्या," ते म्हणाले. मग मामांनी त्यांना टेबलापाशी नेऊन मान कशी अडकवायची, कानामागे कसं बघायचं, ते सगळं समजावलं. बाईसाहेब मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष कुत्र्याकडे होतं. आम्ही त्याचे एवढे लाड केले नसते, तर तो आमच्याकडेच राहिला असता.

टेबलावर सासूबाई शेवया वाळत घालू लागल्या. मामा दिवसभर बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, मी चुलीपाशी. त्यांना चहा द्यायला जायची तेव्हा काहीतरी विचारावं असं मनात यायचं. पण कप ठेवून मी परत फिरायची, तेही मान वर करत नसत.

चार-पाच वर्षांनी मामा गेले. त्या मुलीचं नाव काय होतं, ते मला विचारायचं होतं.