जांभळ्या रेघेपर्यंत पाणी

"बघ गो आधी तू."

बाळंतपण उरकून नर्सबाई घरी आल्या की उंबऱ्याशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि मला आत पाठवायच्या. मी आत जाऊन माशांच्या काचपेटीत डोकावायचे. "दोन्ही आहेत हो बाई," असं म्हटलं की मगच त्या चपला काढायच्या.

जगाला धीर देणारी आणि स्वतःच्या घरात पाय टाकताना घाबरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. इंदापूरच्या दवाखान्यात बाईंचा काय दरारा! आडवं आलेलं मूल त्या हाताने फिरवायच्या. रडत बसलेल्या नवऱ्याला खडसावून पाणी तापवायला धाडायच्या. माझे यजमान तिथेच कंपाउंडर होते आणि बाईंची खोली आमच्या भिंतीला लागून, म्हणून दुसरी बाजू फक्त मला ठाऊक.

बाई कोकणातल्या, किनाऱ्यावरच्या. नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. त्यानंतर बाई मुद्दाम देशावर आल्या, समुद्राचा वाससुद्धा येणार नाही अशा ठिकाणी. मागे म्हातारी सासू एकटी राहिली, तिची दृष्टी जात चाललेली. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली तिची पत्रं यायची, 'माझ्याकडे ये' एवढंच सांगणारी. बाईंना जायचं होतं, पण समुद्र नुसता आठवला तरी त्यांच्या छातीत धडधडायचं. शेवटी त्यांनी ठरवलं की आधी घरातच चार घागरी समुद्र ठेवून बघायचा. मासे चार महिने जगले तर सासूकडे जायचं, नाहीतर तो विषय कायमचा बंद.

"बाई, तुमचं डोकं फिरलंय," मी म्हटलं.

"फिरलंय खरं," त्या शांतपणे म्हणाल्या.

तसबिरींना काचा बसवणाऱ्याकडून त्यांनी पेटी करून घेतली आणि सांध्यांना डांबर भरलं. भावाने एसटीने लोणच्याच्या बरण्यांतून पाणी आणलं, वाळू आणली, आणि खडकांतल्या डबक्यात धरलेले दोन बोटभर मासे. वर टांगलेल्या मडक्यातून दवाखान्यातल्या रबरी नळीने थेंब थेंब पाणी पेटीत पडायचं. मडकं रिकामं झालं की पेटीतलंच पाणी पुन्हा मडक्यात ओतायचं. नाहीतर माशांना श्वास मिळत नाही, बाई सांगायच्या. पाणी कुठवर हवं ते कळावं म्हणून जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाने त्यांनी काचेवर रेघ ओढली होती. भिंतीपलीकडचं ते टपटप थांबलं की मीही हातातलं काम टाकून बघायला धावायचे. मला मेलीला कशाला हवा होता हा परक्या जिवांचा घोर!

तीन महिने निभावले. वैशाखात निरवांगीहून बैलगाडी आली. एक बाई दोन दिवस अडली होती. निघताना बाई मला म्हणाल्या, "पाणी उतरलं तर रेघेपर्यंत घाल गो." आणि गाडी निघालीसुद्धा.

कसलं पाणी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली गेलेलं. आता आडातलं गोडं पाणी समुद्राच्या माशांना कसं चालेल? मी शहाणी! कळशीत दोन मुठी जाडं मीठ विरघळवलं आणि रेघ गाठली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दुपारी बघते तर एक मासा उताणा तरंगतोय आणि दुसरा वाळूवर आडवा पडून कल्ले हलवतोय. मासा गेला तर गेला, पण बाईंचं जाणं माझ्या हाताने मोडलं!

तेवढ्यात दूधवाले तात्या आले. माझं तोंड बघून ते आत आले, पेटीकडे बघितलं.

"काय घातलं यात वैनी?"

"मिठाचं पाणी."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आवो, माझं रान कशानं चोपण झालं? कालव्याचं पाणी गोडंच व्हतं की. पाणी उडून जातं, मीठ हितंच ऱ्हातं. माझ्या रानात पांढरा थर आलाय, बघितला न्हाय व्हय? आन तुमी वरनं आनखी मीठ घालताय."

ज्याचं रान मिठाने गेलं त्याला एका नजरेत कळलं, आणि मी तीन महिने त्या पेटीशेजारी राहून कोरडीच! तात्या बसून राहिले. एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या गोडं घालायचं, मग थांबायचं. दिवस कलता कलता वाळूवरचा मासा सरळ झाला.

संध्याकाळी गाडी आली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. बाई उंबऱ्याशी पाठमोऱ्या झाल्या आणि म्हणाल्या, "बघ गो आधी तू."

मी गेलेच नाही. तिथेच उभी राहून सांगितलं, "बाई, एक गेला. मी मारला. मीठ घातलं."

त्यांनी विचारलं, "कुठे आहे?"

मी तो केळीच्या पानात झाकून ठेवला होता. पुरायचा धीर झाला नव्हता. बाई वळल्या, स्वतः आत गेल्या आणि त्यांनी तो तळहातावर घेतला. बोटाने त्याचे खवले नीट केले, जसं नुकतं जन्मलेलं बाळ पुसतात तसं.

"ह्यांचं मला काहीच बघायला मिळालं नाही गो," त्या म्हणाल्या. "किनाऱ्यावर नऊ दिवस बसले होते." आणि तिथेच जमिनीवर बसून त्या रडल्या. दरारा असलेल्या बाईला रडताना बघून मी घाबरले, आणि काय करावं ते न कळून त्यांच्याशेजारी बसले.

त्यांनी चार महिने पुरे व्हायची वाट पाहिली नाही. पंधरवड्यात राजीनामा दिला. स्टँडवर मी विचारलं, "आता भीती नाही वाटत?"

"वाटते गो. सासूबाईंनाही वाटत असेल, तिकडे एकटीला."

उरलेला मासा बरणीत घालून त्या खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा मी हात केला. त्यांना करता आला नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी त्यांनी बरणी पोटाशी धरली होती.