चोरकप्पा

शाईची गादी साहेबानं टेबलावरनं उचलली, खाली धुळीत ठेवली आन् बुटाच्या टोकानं माझ्याकडं सारली.

“लाव अंगठा,” म्हणाला.

टेबलावर जागा होती. दौत होती, टाक होता, साहेबाची टोपी बी तिथंच होती. टोपीला जागा होती. मला मातीत वाकायचं होतं.

इंदापूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली ते टेबल मांडलं होतं. भर दुपार. बाजूला आमची मोटार, चार बैलजोड्या लावून रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीतनं ओढून आणलेली. एक चाक न्हाय, काचा न्हायत, सगळ्या अंगाला वाळलेला गाळ. बघाय ही गर्दी! साहेब विम्याचा, पुण्यावरनं आलेला. त्याच्या शेजारी खुर्चीत बारामतीचे शेठ, मोटारीचे मालक. मी त्यांचा डायवर. मी उन्हात उभा.

म्या गादीकडं बघितलं. वाकलो न्हाय. का वाकलो न्हाय, ते सांगायचं तर पार मागपासनं सुरवात करावी लागंल.

मी कैकाडी. माझा बा तुराट्यांच्या कणग्या विणायचा, कोंबड्यांची डालगी विणायचा. अख्ख्या पंचक्रोशीचं धान्य त्याच्या कणग्यात ऱ्हायचं, तरी सरकारच्या वहीत आमी जल्मापासनं चोर. दुधाचे दात पडायच्या आधी मी चोर. रोज दिवेलागणीला आमच्या समद्या बाप्यांनी चावडीवर जायचं, पोलीस पाटील नाव पुकारणार, आपण ‘हाय’ म्हणायचं आन् वहीत अंगठा द्यायचा. हजेरी म्हणत्यात तिला. एक दिस चुकली की तुरुंग. लई चुकली तर बायकापोरांसकट सोलापूरला, तारेच्या कुंपणात. परगावी जायचं तर पाटलाचा पास लागायचा. माझ्या बाचा डावा अंगठा कायम निळा. राखेनं घासला तरी निघायचा न्हाय. भाकरी मोडताना मला तेवढाच दिसायचा.

मोटारीनं मला त्यातनं निम्मं बाहेर काढलं. आधी शेठकडं क्लीनर लागलो, मंग चाक हातात आलं. शेठचा धंदा गुळाचा, बोलणं बी तसंच. “तू आपला माणूस,” म्हणायचे. माझा पास त्यांनीच काढला होता, आन् तो त्यांच्याच खिशात असायचा. सकाळी बारामती सोडायची, भवानीनगर, लासुर्णं, इंदापूर करून दिवस बुडायच्या आत माघारी. मोटार लावली की पळत आमच्या गावच्या चावडीवर, बारामतीला लागूनच. एकदा शेठ म्हणाले, “दोन सालं बिनतक्रार गाडी चालव. तुझं नाव वहीतनं काढून आणतो. माझा शब्द हाय.”

त्या शब्दावर मी जगलो. बायकोला म्हणायचो, अगं, एवढी दोन सालं कड काढ. मंग दिवेलागणीला मी घरात असंन, चुलीफुडं बसून तुझं डोकं खाईन. ती म्हणायची, “बगू. शेठाचं काय, त्ये कोपराला गूळ लावत्यात.” मी तिच्यावर चिडायचो. तिचं खरं होतं.

मोटारीवर पाटी लिहायला एक पेंटर आला होता. ‘बारामती इंदापूर सर्व्हिस मोटार.’ म्या त्याला म्हणालो, मला माझं नाव लिहाय शिकवा. तो भला माणूस. म्हणाला, तुझी अर्धी अक्षरं पाटीवरच हायत की! उरलेली त्यानं मडगार्डावर बोटानं काढून दावली. पंधरा दिवसांत मला सही आली. चावडीवर सांगितलं तर पाटील म्हणाला, “तुमच्या वहीत अंगठ्याचंच घर हाय.”

मोटार विलायती, पर तिच्यावरचा लाकडी साचा हितलाच. एक दिवस शेठ म्हणाले, “मागनं दोन हात वाढव. दोन बाकडी ज्यादा बसतील.”

म्या म्हणालो, “शेठ, मागं वझं वाढलं की फुडचं तोंड हलकं व्हतं. चाक ऐकायचं न्हाय.”

“तू इंजिनेर हाईस का रं?”

“आन् विम्याच्या कागदात माप लिवलंय त्याचं?”

“विमेवाला काय टेप घेऊन हिंडतोय व्हय?”

सुतार आला, लोहार आला. म्या मागच्या चाकांवरच्या कमानीत लोखंडाचा एक पाटा वाढवला, जरा तरी तोल ऱ्हावा म्हणून. त्याच वक्ताला बाकड्याखाली एक चोरकप्पा केला. पाने, जॅक, कंदील ठेवायला. उघड्यावर ठेवलं की स्टँडावर गायब व्हायचं. चोरकप्पा कपाटाला असतो, बैलगाडीच्या साटीखाली असतो, शेठच्या तिजोरीत बी हाय. समदी त्याला तेच म्हणत्यात.

त्या कप्प्याच्या झाकणाला आतल्या अंगानं मी हजेरी मांडायचो. माझी न्हवं, मोटारीची. रोज सकाळी खाली शिरायचं, ब्रेक बघायचा, नट पिळायचे, चाकातली हवा बघायची, आन् खिळ्यानं फळीवर एक उभी रेघ ओढायची. काय खराब सापडलं तर रेघ आडवी, आन् ते दुरुस्त झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाय. सवय चावडीचीच. म्हणलं, सरकार माझी हजेरी घेतंय, मी हिची घेतो. आधी गंमत होती. मंग त्या रेघांचा मला लई आधार वाटाय लागला. जगात एक वही होती, जी म्या लिहिली होती.

त्या दिवशी लासुर्ण्याच्या अलीकडं पाटाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. गाडीत माणसं कोंबलेली, टपावर वांग्याच्या पाट्या. मागच्या वझ्यानं फुडची चाकं रस्त्याला टेकत्यात का न्हाय कळंना. चिखलात म्या चाक फिरवलं. मोटार फिरली न्हाय. तशीच सरळ चारीत गेली.

कुणी मेलं न्हाय. एका म्हातारीचा हात मोडला. “आरं माज्या लेकरा” म्हणून ती मलाच हाक मारत होती. चूक माझी बी हाय. एवढी माणसं घेत न्हाय म्हणून सकाळीच म्या खाली उतरायला पायजे होतं. उतरलो न्हाय. दोन सालं भरायला चार महिनं उरलं होतं.

विम्याचा साहेब यायच्या दिवशी शेठनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. कधी ठेवला न्हवता.

“साहेब विचारंल, गाडी कुणी वाढवली. तू म्हण, म्या. शेठला ठावं न्हाय. मालकाला ठावं नसलं तर कंपनी भरून देती. नवी मोटार येईल, चाक तुझ्याच हातात. आन् महिन्याच्या आत तुझं नाव वहीतनं काढतो.”

म्या व्हय म्हणालो. आता खोटं कशाला बोलू? व्हय म्हणालो. नाव निघणार म्हणल्यावर मी काय बी बोललो असतो.

साहेबानं टेप लावली. “गाडी मूळ मापापेक्षा दोन हात लांब आहे. कोणी केली?”

“म्या.”

“मालकांना विचारून?”

“न्हाय.”

“आणखी काय काय बदल केलेस?”

“कमानीत पाटा वाढवला. बाकड्याखाली चोरकप्पा केला.”

साहेबाचा टाक थांबला. “काय केलास?”

“चोरकप्पा.”

“जात काय रे तुझी?”

माझ्या आधी शेठ बोलले. “हजेरीतला आहे, साहेब. कैकाडी.”

साहेब गालात हसला आन् भराभरा लिहाय लागला. इंग्रजीत. मंग म्हणाला, “अपघाताआधी गाडी सुस्थितीत होती, याला पुरावा?”

हे मला कुणी शिकवलं न्हवतं. पर पुरावा म्हणल्यावर मला हुरूप आला. पळत गेलो, मोटारीत शिरलो, कप्प्याचं झाकण उचकटून आणलं. “ह्यो बघा, साहेब. रोजची रेघ. त्या दिवशीची बी हाय. ब्रेक चांगला होता. बघा की!”

साहेबानं रुमाल नाकाला लावला. “लांब धर. कोणा सभ्य गृहस्थाचा दाखला असेल तर आण. कैकाड्याच्या रेघोट्यांना पुरावा म्हणत नाहीत.”

गर्दी हसली. शेठ बी हसले. रोज सकाळी त्या मोटारीखाली पाठ सोलून घेतली, त्याच्या रेघोट्या झाल्या. आन् तेवढ्यात साहेबानं ती गादी धुळीत ठेवून बुटानं सारली.

म्या म्हणालो, “काय लिवलंय ते वाचून दावा.”

“तुला काय कळणार त्यातले?”

“मराटीत वाचा. कळंल.”

शेठ दात आवळून म्हणाले, “लाव मुकाट्यानं.” मी हाललो न्हाय. साहेबाला पुण्याला जायची घाई होती. त्यानं कागद धरला आन् खडाखडा वाचला. त्यातलं एवढं माझ्या काळजात बसलं: “मी मालकाच्या अपरोक्ष गाडी कापून वाढवली व चोरीचा माल दडवण्यासाठी बाकाखाली गुप्त जागा केली, हे मला कबूल आहे.”

“साहेब, चोरीचा माल न्हाय. चोरकप्पा म्हंजी चोरापासनं वाचवायचा कप्पा. चोराचा न्हवं.”

“चोर हा शब्द तुझ्या तोंडून आला. मी लिहिला.”

“तुमच्या कोटाला बी आतनं चोरखिसा असंल की, साहेब. त्यात काय चोरीचं ठेवता?”

साहेबाचा हात आपसूक छातीवर गेला. आता गर्दी हसली ती त्याला. तो लालबुंद झाला. शेठ उठले आन् खाडकन माझ्या थोबाडीत मारली. पागोटं धुळीत पडलं.

तवा मला लख्ख कळलं. ह्या कागदावर अंगठा दिला तर माझं नाव एका वहीतनं निघून दुसऱ्या वहीत जाणार. पहिल्या वहीत मी जल्मानं चोर होतो. हितं मी माझ्या अंगठ्यानं चोर होणार. शेठला हे आधीच ठावं होतं का? मला वाटतं, त्यांना त्याचा इचार करायची गरजच पडली न्हाय.

“सही येती मला,” म्या म्हणालो. “पर ह्याच्यावर सही न्हाय आन् अंगठा बी न्हाय. गाडी शेठनी वाढवाय लावली. म्या नगं म्हणलं होतं. लिवा हे.”

साहेबानं दौतीला टोपण लावलं. शेठनी खिशातनं माझा पास काढला, चार तुकडे केले आन् म्हणाले, “जा आता कैकाड्या, चालत जा. हजेरीला पोच.”

इंदापूर ते बारामती चालत, दिवस बुडायच्या आत? बैल बी पोचत न्हाय. तरी निघालो. काखंत ती फळी घेतली. तेवढाच माझा पुरावा होता, तो गाळात टाकून जाववंना.

दुसऱ्या सकाळी गावाच्या शिवेवर पोचलो तर पाटील आन् फौजदार दोघं वाट बघत उभे. हजेरी चुकलेली. पास न्हाय. काखंत फळी.

“ही कुणाची?” फौजदारानं विचारलं.

“मोटारीची.”

“कुठनं काढलीस?”

खोटं सुचलं न्हाय. “चोरकप्प्यातनं.”

फौजदार डोळ्यात पाणी येईस्तोवर हसला. शेठनी जबानी दिली, फळी त्यांची, म्या इचारल्याबिगर नेली. मला सहा महिनं पडलं. माझ्या रेघा मुद्देमाल म्हणून कचेरीत गेल्या. तिथं वाळवी लागली असंल न्हायतर कुणाच्या बंबात गेल्या असतील.

विम्यानं शेठला काय दिलं, मला ठावं न्हाय. औंदा त्यांची नवी मोटार इंदापूरला जाती. ती बी मागनं लांबच हाय. वस्तीवरनं बघतो तर जाताना तोंड उचलल्यागत दिसती. बायकोला सांगितलं, त्या मोटारीत बसू नगंस. बाकीच्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, चोराचं कुणी ऐकावं?

मी सुटून आल्यावर पहिल्याच दिवशी पाटलानं गादी फुडं सारली. म्या मूठ मिटली. “हाय म्हणून सांगतो. सही करतो. अंगठा देत न्हाय.” त्यानं छडी मारली, मी मूठ उघडली न्हाय. वहीत गैरहजर लागलो. फुडं बसून गैरहजर! त्यापायी दोनदा आत जाऊन आलो. आता सोलापूरच्या कुंपणाचा कागद वर गेलाय म्हणत्यात. बा माझ्याच रांगेत असतो. तो अजून अंगठा देतो आन् माझ्याकडं बघत न्हाय. बायको रडती, “अंगठ्यानं काय झिजतंय का तुमी? पोरं तारंमागं जातील की ओ!” तिला काय सांगू? तिचं बी खरं हाय. ती रडती आन् मी मूठ मिटतो. उद्या बी मिटणार. तारंमागं बी मिटणार.

मला नावापलीकडं लिवता येत न्हाय. हे आमच्या गावच्या मास्तरांनी लिहून घेतलं. मास्तर, आता वरपासनं वाचून दावा. एक शब्द हिकडचा तिकडं झाला असला तर खोडा. आन् ती गादी आत ठेवा. टाक हिकडं द्या.