जागं करायचं औषध

शेंद्र्याचा त्रिंबक मेंढरांमागं चालत म्हातारा झाला. घराण्याची बरीच जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, थोरला मुलगा आदिनाथ तिथल्याच एका कारखान्यात लागला, चराईची रानं एकेक करून कुंपणाआड गेली. तरी त्रिंबकनं मेंढरं सोडली नाहीत. जवळचा माळ संपला की तो कळप घेऊन लांब जायचा. असा माणूस दुष्काळाच्या एका वर्षी, दिवाळीच्या सुमारास, बांधावर टेकला आणि त्याला उठताच येईना. त्याची बायको सारजाबाई घाबरली.

"कंबर धरलीय. वारा शिरला आसंल," तो म्हणाला.

वारा नव्हता. गावच्या डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रक्त तपासलं, गाठीचा तुकडा काढला, हाडांचा स्कॅन झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीत सुरू होऊन तो मणक्यापर्यंत पोचला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. मुळातून जाणार नाही, म्हणाल्या, पण दाबून ठेवता येईल. मग त्यांनी एका अभ्यासाविषयी सांगितलं.

"ह्या रोगाला पुरुषी हार्मोन खायला लागतं. ते आपण इंजेक्शन आणि गोळ्यांनी तोडतो. तो उपचार तुम्हाला मिळणारच. आमचा अभ्यास त्याच्या पुढचा आहे. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, पण त्या ह्या कॅन्सरला ओळखत नाहीत. त्यांना जागं करायचं औषध सलाईनमधून द्यायचं. दोन्ही मिळून जास्त गुण येतो का, ते आम्हालाही माहीत नाही. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय चाललंय, ते मलासुद्धा कळणार नाही."

"म्हंजी कुत्रं हाय, पर लांडगा वळखंना," त्रिंबक म्हणाला.

बाई हसल्या. "तसंच. आणि जागं केलेलं कुत्रं कधी आपल्याच मेंढराला चावतं. आतड्याला, फुप्फुसाला, कशालाही. म्हणून जरा काही वेगळं वाटलं की फोन करायचा."

"नाय म्हनलं तर?" सारजाबाईनं विचारलं.

"तर नेहमीचा उपचार चालू. मधेच सोडलं तरी चालू."

घरी आल्यावर आदिनाथ बिथरला. "प्रयोग करायला आमचाच बाप सापडला का ह्यांना?"

त्रिंबक बाजेवर पडून ऐकत होता. म्हणाला, "मेंढराला आपन लस टोचतो. ती बी पयली कुनाच्या तरी मेंढरावर टोचूनच बगितली आसंल ना? मी जातो."

अभ्यासातल्या लोकांची विचारपूस करायला गारखेड्याची शीला नावाची नर्स होती. तिनं आपला नंबर सारजाबाईच्या फोनमध्ये स्वतः घालून दिला.

इंजेक्शननं थोड्या दिवसांतच गुण दाखवला. संक्रांतीला त्रिंबक काठी टेकत मेंढरांमागं निघाला. एक मात्र नवंच झालं. थंडीत बसल्या बसल्या त्याच्या अंगातून वाफा निघायच्या, मानेवरून घाम वाहायचा.

"आगं, ही काय आग म्हनायची!"

सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली. "हार्मोन तोडल्यावर व्हतंच म्हनली शीला. माजी पाळी गेली तवा दोन वर्स हेच चाललं व्हतं. तुमाला सांगितलं तर म्हनायचे, नाटकं करू नगंस. आता बसा वारा घालत."

त्यानंतर तोच तिला उन्हातून आल्यावर आधी पाणी द्यायचा.

उन्हाळा लागला आणि गावात प्यायलाही टँकर आला. माळावर काडी राहिली नाही. पैठणच्या धरणाचं, नाथसागराचं पाणी आटत आत गेलं होतं, मागच्या ओल्या गाळावर हिरवं फुटलं होतं. मराठवाड्यातले कितीतरी कळप तिकडं उतरले. त्रिंबकही सारजाबाईला घेऊन गेला, जोडीला गावचाच कडुबा आपला कळप घेऊन होता. सलाईनच्या दिवशी एसटीनं शहरात यायचं, दुसऱ्या दिवशी परत.

तिथंच त्याचं पोट बिघडलं. पाणी बाधलं म्हणत त्यानं ओव्याची फक्की मारली, कुणाला बोलला नाही. पण दर घडीला झुडपाआड जाणारा नवरा सारजाबाईच्या नजरेतून कसा सुटेल? रक्त पडतंय हे कळल्यावर तिनं त्याला न विचारताच शीलाला फोन लावला.

"मावशी, पाण्यानं नाही हे. आत्ताच निघा, वाटेत कुठं थांबू नका."

"पन मेंढरं..." त्रिंबक पुटपुटला.

कडुबा पुढं झाला. स्वतःचाच कळप राखताना त्याची दमछाक होत होती. "मेंढरं मी बगतो. तू माघारी ये म्हंजी झालं."

पाणी ओतून परत निघालेल्या एका टँकरवाल्यानं दोघांना शेजारी बसवून पैठणपर्यंत आणलं. तिथं आदिनाथ जीप घेऊन उभा होता. दवाखान्याच्या फाटकात शीला वाट बघत होती. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

औषधानं जागी झालेली फौज आतड्यावरच उलटली होती. स्टिरॉइडनं तिला आवरलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सलाईन कायमची बंद झाली, इंजेक्शन आणि गोळ्या चालू राहिल्या. त्रिंबक हडकून घरी आला, पण आला.

पाऊस पडल्यावर कडुबा कळप घेऊन शेंद्र्यात शिरला. आल्या आल्या सांगू लागला, "दोन मेंढ्या मेल्या रं, लई केलं पर..." त्रिंबकनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. मिठी मारून दोघं वेशीतच उभे राहिले.

काही वर्षांनी अभ्यासाचा निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी त्रिंबकला बोलावून सांगितलं. ताडलं होतं तसं त्याला खरं औषधच मिळालं होतं. पण सगळ्यांचं मिळून पाहिलं तर हार्मोन उपचाराच्या जोडीला त्या औषधानं जास्त फायदा दिसला नाही. त्रास मात्र जास्त दिसला.

"म्हणजे फुकटच भोगलं म्हणायचं," आदिनाथ म्हणाला.

त्रिंबकनं बाईंना विचारलं, "आता म्होरच्या मानसाला ती सलाईन लावनार का?"

"ह्या आजारात, अशी जोडून, नाही."

"मंग फुकट कसं आसंल?" तो पोराकडं वळला. "कुनाचं तरी आतडं वाचलं की. अन् मला इंजेक्शन लागू पडलं, बायकूनं फोन केला, कडुबानं मेंढरं राखली. आजून काय पायजे?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "त्रिंबकराव, आभार आम्ही मानायचे तुमचे."

"तुमी बी माना, मी बी मानतो," तो म्हणाला, आणि सगळेच हसले.

आता शेंद्र्यात चराईला रान उरलं नाही. कळप लहान झालाय, पण आहे. त्रिंबक इंजेक्शनला दवाखान्यात गेला की मुद्दाम थोडा वेळ बसतो. मागं चितेगावच्या एका गड्याला दुसऱ्या कुठल्याशा अभ्यासात घ्यायचं चाललं होतं आणि तो भेदरून बाकावर बसला होता. त्रिंबक त्याच्याजवळ सरकला.

"नाय म्हनायचं आसंल तर बिनघोर नाय म्हन, कुनी रागवत नाय," तो म्हणाला. "व्हय म्हनलास तर येकच कर. पोट बिघडलं, खोकला आला, काय बी झालं, तर ओवा खात बसू नगंस. आन् नंबर तुज्या फोनात नगं, बायकूच्या फोनात घाल."