ऐंशीच्या वर थरथरते

आमच्या दुकानात मशीनजवळ पत्र्याचा एक डबा आहे. चाकांवरून काढलेली शिशाची जुनी वजनं बाबा त्यात टाकतात. एकदा काढलेलं वजन ते दुसऱ्या चाकाला लावत नाहीत, पण फेकतही नाहीत. डबा भरला की दुसरा डबा येतो. दुकानात ऐकलेल्या गोष्टींचंही तसंच झालंय. कुणी मुद्दाम जपल्या नाहीत आणि कुणी फेकल्याही नाहीत.

दुकान फुलचूरच्या रस्त्यावर आहे. बाबा गाड्यांच्या चाकांचं बॅलन्सिंग करतात, म्हणजे चाक एका बाजूनं जड असलं की दुसऱ्या बाजूला शिशाचं छोटं वजन लावून सारखं करतात. रज्जाक चाचा चाकं काढतात आणि लावतात. मी दहावीत आहे. शाळेतून आले की मागच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं, पोरगी अभ्यास करतेय. अर्धा वेळ करतेही! उरलेला अर्धा वेळ ऐकते.

गिऱ्हाइकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "ऐंशीच्या वर गाडी थरथरते." गल्लीत काही होत नाही, बाजारात काही होत नाही. हायवेला लागून काटा ऐंशीवर गेला की सुरू!

त्यावर बाबांचा प्रश्नही एकच. "कुठी थरथरते? हातात, का बसाच्या जागी?"

स्टिअरिंग थरथरलं तर दोष पुढच्या चाकांत. सीट थरथरली तर मागच्या चाकांत. एवढं माहीत असलं की पुरे.

*

एक मुलगा आला होता. नवीन लग्न, जुनी गाडी. घरच्यांना घेऊन आमच्या इकडच्या प्रतापगडला गेला होता आणि परत येताना गाडी थरथरायला लागली.

"कुठी थरथरते?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही जी. ऐंशी झाले का बायको ओरडते."

"ती कुठी बसते?"

"मागं. समोर आई बसते ना."

बाबांनी पुढच्या चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाचा, मागची खोला!"

दोष मागच्याच चाकात निघाला. मुलगा थक्क झाला. तो जाताना रज्जाक चाचा त्याला म्हणाले, "बेटा, आगे का चक्का बिगड़ा तो फिकर मत कर. अम्मा चिल्लाएगी!"

*

मशीननं चाक बरोबर दाखवलं तरी बाबा गाडी एकदा रस्त्यावर नेऊन पाहतात. गोरेगावच्या रस्त्यावर एक लांब सरळ पट्टा आहे. तिथं रेडिओ बंद, एसी बंद, बोलणं बंद. बाबा गाडी चालवतात. चाचांनी मागं बसायचं आणि डोळे मिटून सीटकडे लक्ष द्यायचं, असं ठरलेलं आहे.

पण चाचा डोळे मिटले की झोपतात.

एकदा एक गिऱ्हाईक चिडलं. "भाऊ, हा तर झोपून राहिला! चेक काय करते?"

बाबा मागं न वळता म्हणाले, "झोपला ना? मंग मागची चाकं ओके."

तेव्हापासून ती दुकानाची पद्धतच झाली. चाचा झोपले तर गाडी पास. जागे राहिले तर चाकं पुन्हा मशीनवर.

एका दिवशी चाचा जागेच राहिले. बाबांनी मागची चाकं पुन्हा काढली, पुन्हा तपासली, पुन्हा रस्त्यावर नेली. चाचा टक्क जागे! बाबा घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "चाचा, काऊन झोपत नाही आज? काय सापडून राहिलं तुमाले?"

चाचा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चक्का तो एकदम ठीक है भाऊ. घर में झगड़ा हुआ है."

*

आता भगत मॅडम.

मॅडम हायवेपलीकडच्या एका गावात शाळेत शिकवतात. आधी बसनं जायच्या. बस हायवेवर सोडायची आणि तिथून धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, कच्च्या रस्त्यानं पायी. मग केस पिकायला लागल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या! एक पांढरी गाडी घेतली आणि तेव्हापासून रोज एकट्या जातात, एकट्या येतात.

त्यांची तक्रार अशी होती की शाळेत जाताना गाडी कधी थरथरते, कधी नाही. येताना मात्र ऐंशीला स्टिअरिंग हमखास थरथरतं.

त्या सांगायला लागल्या तेवढ्यात सोबत आलेले त्यांचे मिस्टर मध्ये बोलले. सगळे त्यांना सर म्हणतात. "गाडीले काही नाही झालं भाऊ. दर रविवारी मी चालवतो. लोण्यासारखी चालते. गाडी नाही थरथरत, हिचा हात थरथरते!"

दुकानात दोघंतिघं होते, ते हसले. मॅडम हसल्या नाहीत.

सर काही वाईट माणूस वाटले नाहीत. मॅडम हायवेला घाबरतात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. "कायले जीव टांगणीले लावते? बस आहे ना!" असं ते दोनदा म्हणाले. त्यांनी गाडीला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं.

सर चहाच्या टपरीकडे गेले तेव्हा मॅडम बाबांना हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, दोष सापडला तर गाडी राहते. नाही सापडला तर मी पुन्हा बसमध्ये."

बाबांनी सगळी चाकं मशीनवर चढवली. मशीन शून्यच दाखवत राहिलं, म्हणजे चाकं बरोबर. रस्त्यावर बाबांनी गाडी नव्वदपर्यंत नेली. स्टिअरिंग गप्प. मागं चाचा घोरत होते.

"पाहा!" सर म्हणाले.

*

एका दादांच्या जीपचं उलट होतं. दोष लगेच सापडायचा, पण दुरुस्ती टिकायची नाही.

बाबांनी पुढच्या चाकांना वजनं लावून दिली. दादा खूश होऊन गेले आणि काही दिवसांनी परत आले. "थरथरून राहिली." बाबांनी पाहिलं तर वजनं गायब! पुन्हा लावली. पुन्हा गायब.

"दादा, गाडी कुठी उभी ठेवता?"

"सासऱ्याकडं. तलावाच्या पाळीवर."

रज्जाक चाचा हसत हसत खालीच बसले. त्यांना माहीत होतं, दादांचे सासरे मासे धरतात. फेकायच्या जाळ्याच्या काठाला शिसं लावावं लागतं, नाहीतर जाळं बुडत नाही. जावयाच्या चाकाला आयतं शिसं लागून येत होतं!

दादा सासऱ्याकडे जाऊन जाळं पाहून आले. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. पण ते म्हणाले, "भाऊ, जाळं काय गोल पडते! एकदम बॅलन्स!"

मग त्यांनी डब्यातली मूठभर जुनी वजनं सासऱ्यासाठी मागून नेली. त्यानंतर जीप थरथरली नाही.

*

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कामठ्याचे एक काका कार घेऊन आले. ती कार आहे हे आवाजावरूनच कळत होतं, बाकी सगळा चिखल होता.

"हायवेवर गाडी नाचून राहिली बापा."

बाबांनी मशीन सुरूच केलं नाही. चाकामागं हात घातला आणि सुकलेल्या चिखलाचं ढेकूळ बाहेर काढलं. मग दुसरं. रिमच्या आत एका बाजूला चिखल सुकून बसला की चाक त्या बाजूनं जड होतं आणि वेग वाढला की उड्या मारतं.

"काका, कारनं चिखलणी केली का?"

"ट्रॅक्टर बंद पडला होता ना! पऱ्हे कशानं नेऊ?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. काकांनी ती डिक्कीत भरून थेट बांधीत नेली होती. एका ढेकळात त्यातलं एक रोप अडकलेलं होतं, अजून हिरवं. बाबा ते ढेकूळ फेकणार तेवढ्यात काकांनी हात धरला.

"राहू द्या जी. बांधीच्या कोपऱ्यात एका रोपाची जागा खाली आहे."

*

भगत मॅडमची गाडी पुढच्या रविवारी परत आली. त्याच्या पुढच्याही. बाबांनी पुढचे टायर मागं टाकले, मागचे पुढं टाकले. बेअरिंग पाहिलं. मशीनवर शून्य, रस्त्यावर शांत.

"सोमवारी पुन्हा थरथरेल," मॅडम म्हणाल्या.

"काऊन? सोमवारी तिले ताप येते का?" सर म्हणाले. मग बाबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, आता मेहनत नका करू. शनिवारी संध्याकाळी माणूस गाडी न्यायले येऊन राहिला."

मॅडमनी पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांचे हात मला दिसत होते. अजिबात थरथरत नव्हते.

गाडीचं दार उघडं होतं. रिमा आरशासारख्या चमकत होत्या, आतूनसुद्धा. पण ब्रेकच्या पॅडलच्या खाचांत वाळलेला चिखल होता.

"सर, दुकानात आणायच्या आधी गाडी धुता का?" मी विचारलं.

सगळे वळले. कोण बोललं ते चाचांना आधी कळलंच नाही.

सरांना मात्र प्रश्न फार आवडला. "मंग! दर रविवारी सकाळी. पाइप लावतो आणि रिमा आतून जुन्या टूथब्रशनं घासतो. डॉक्टरकडे जायच्या आधी माणूस आंघोळ करते का नाही?"

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. ते म्हणाले, "सर, एक डाव बिना आंघोळीची आणा."

"बिना धुतलेली गाडी बाजारातून आणू? लोक काय म्हणतील!"

सरांनी साफ नाही म्हटलं. जाताना मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

*

शनिवारी सकाळची शाळा असते. मॅडम शाळेतून घरी गेल्याच नाहीत, थेट दुकानात आल्या. बांध्यांचं पाणी रस्त्यावर आलेलं असावं, कारण गाडी दारांपर्यंत चिखलानं माखलेली होती आणि वर ऊन लागून तो सुकून पांढरा झाला होता.

थोड्या वेळानं सर स्कूटरवर आले. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार म्हणून ते गाडी धुवायला शोधत होते. शर्टाच्या खिशात टूथब्रश होता!

"हे काय? अशी गाडी दाखवू का त्याले?"

"धुवा ना सर," बाबा म्हणाले. "पण आधी एक चक्कर मारू. तुम्हीच चालवा."

सर चालवायला बसले, बाबा शेजारी. मागं मॅडम आणि चाचा. बाबांनी मलाही बसायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

सरळ पट्टा आला. काटा पन्नासवर, मग साठवर.

"पाहा, लोणी!" सर म्हणाले.

"अजून द्या."

"साठच्या वर कायले? मी कधीच जात नाही."

बाबांनी मान वळवून सरांकडे पाहिलं. मागून मॅडम म्हणाल्या, "मी जाते."

सरांनी पाय दाबला. सत्तर. सत्तरच्या पुढं काटा हळूहळू सरकला आणि ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. सरांचे हात थरथरले, बाह्या थरथरल्या, खिशातला टूथब्रश थरथरला. माझ्या शेजारी चाचा गाढ झोपले होते.

मॅडम थोड्या पुढं वाकल्या.

"तुमचा हात काऊन थरथरून राहिला जी?"

कुणी हसलं नाही. सरांनी वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, पुढच्या चाकामागं हात घातला आणि एक मोठं सुकलेलं ढेकूळ काढून सरांच्या हातावर ठेवलं. सर उन्हात उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हातात ढेकूळ होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं कानाला लावला.

"हो जी. नाही, संध्याकाळी नका येऊ. गाडी द्यायची नाही."

पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी विचारत होता. सरांनी गाडीकडे पाहिलं. मॅडम तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या आणि आरसा नीट करत होत्या.

"नाही नाही, गाडीले काही नाही झालं," सर म्हणाले. "माझाच हात थरथरते."